डार्ट बेडूक रोडावतोय? आधी चिलटांची बाटली बघा, या चुका टाळा

बेडूक रोडावला की पाळणारा औषध शोधायला धावतो. पण कित्येकदा खोट असते ती त्याच्या जेवणात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले हे चिमुकले, विषारी बेडूक दिवसभर पाचोळ्यात फिरून मुंग्या, माइट, वाळवी, स्प्रिंगटेल असलं बारीकसारीक टिपत असतात. आपण मात्र दोन दिवसांनी चिमूटभर किडे टाकून मोकळे होतो.

घरात त्यांचं मुख्य खाणं म्हणजे चिलटं, तीही न उडणाऱ्या वाणाची; ती बाटलीत वाढवावी लागतात. खरा घोळ इथेच होतो. एक बाटली संपली की दुसरी लावू, हे गणित चुकतं. मेलानोगास्टर जातीच्या चिलटाच्या अंड्याची माशी व्हायला २५ अंशांत साधारण १० दिवस लागतात, थोराड हायडेई जातीला त्याहून बरेच जास्त. तेवढे दिवस बेडकाने काय खायचं? म्हणून दर आठवड्याला नवी बाटली लावा. आपल्याकडचा मे महिना तर वैरीच. बाटली ३० अंशांपुढे तापली की नर वांझ होतात. माश्या दिसतात, अळ्या धरत नाहीत. झाकणाचं कापड सैल राहिलं तर केळ्यांवरची चिलटं आत शिरतात, संकर होतो आणि एक-दोन पिढ्यांत तुमची चिलटंही घरभर उडू लागतात.

दुसरी चूक पावडरीची. नुसत्या चिलटांत कॅल्शियम नगण्य. कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाची पावडर चोळूनच ती द्या, पण बेडूक लगेच फस्त करतील एवढीच. उरलेली माशी अंग झाडून पावडर उडवून टाकते. उघडून वर्ष झालेला डबा सरळ फेका.

‘विष टिकावं’ म्हणून अंगणातल्या मुंग्या घालणारेही भेटतात! विष खाण्यातूनच येतं हे खरं, म्हणून तर घरात जन्मलेले बेडूक बिनविषारी असतात. पण अंगणातल्या मुंग्या चावतात, शिवाय कीटकनाशक घेऊन येतात. रातकिडे घातलेच तर अगदी बारीक घाला, उरलेले संध्याकाळी काढा. रात्री झोपलेल्या बेडकाला ते कुरतडतात.

डार्ट बेडकाच्या स्ट्रॉबेरी जातीचे टॅडपोल (शेपटीवाली पिल्लं) मात्र आईपासून वेगळे काढूच नका. आई प्रत्येकाच्या पाण्यात येऊन न फळलेली अंडी घालते आणि ते त्यांवरच वाढतात. मत्स्यालयातल्या माशांचं खाणं त्यांना चालत नाही.