छोट्या संघाचा इतिहास कसा लिहावा: हर्शी बेअर्सची माझी वही

मी एकतीस वर्षं नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर सहा महिने मुलाकडे पेन्सिल्व्हेनियात राहिले. त्याचं घर हॅरिसबर्गजवळ, आणि तिथून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत हर्शी गाव. नात तेव्हा नऊ वर्षांची होती आणि अंगात कायम एकच चॉकलेटी जर्सी. संघाचं नाव हर्शी बेअर्स, खेळ आइस हॉकी. एकदा तिनं विचारलं, "आजी, बेअर्स कधीपासून खेळतात?" मुलगा म्हणाला, "खूप जुने आहेत." माझ्या टेबलासमोर उभं राहून कुणी प्रश्न विचारला आणि "खूप जुने" एवढ्यावर मी त्याला परत पाठवलं, असं एकतीस वर्षांत झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी रजिस्टर आणलं. त्यातला बराचसा भाग मी परत आल्यावर इथे, प्रतापनगरच्या घरी, कूलरसमोर बसून लिहिला. मोठ्या संघांवर पुस्तकं निघतात. छोट्या संघांचं कुणीतरी बसून लिहावं लागतं, आणि ते तुम्हालाही करता येईल. मी कसं केलं ते सांगते.

आधी करंडकांची यादी बाजूला ठेवा. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. बेअर्सनी काल्डर करंडक, म्हणजे त्यांच्या स्पर्धामालिकेचं विजेतेपद, १३ वेळा जिंकलाय: १९४७, १९५८, १९५९, १९६९, १९७४, १९८०, १९८८, १९९७, २००६, २००९, २०१०, २०२३ आणि २०२४. लिहून झाली यादी. यातून संघ कळला का? मला नाही कळला. वहीच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहा: हा संघ कुणाच्या पैशावर उभा राहिला, आणि कुणाच्या छताखाली खेळला? बाकीचं सगळं या दोन प्रश्नांना येऊन चिकटतं.

हर्शीचं उत्तर मिल्टन हर्शी या माणसापाशी जातं. चॉकलेटचा कारखानदार. कारखान्याभोवती त्यानं गावच वसवलं. मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अॅव्हेन्यू, आणि दिव्यांचे खांब आजही हर्शीच्या "किस" नावाच्या टोकदार चॉकलेटच्या आकाराच्या टोप्या घालून उभे आहेत. मला हे समजायला वेळ लागला नाही. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती गिरणी. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता. भोंग्यावर वाढलेल्या माणसाला कारखान्याचं गाव म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे माणसं, दवाखाना, करमणूक, सगळं एका दोरीला बांधलेलं असतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी आली, लोकांची कामं गेली, तेव्हा हर्शीनं गावात मोठमोठी बांधकामं काढली. त्यातलंच एक म्हणजे डिसेंबर १९३६ मध्ये उघडलेलं हर्शी स्पोर्ट्स अरीना. अँटन टेडेस्को या अभियंत्यानं त्याचं छत काँक्रीटच्या पातळ कवचाचं केलं, वरून अर्धं पिंप पालथं घातल्यासारखं. आत मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुठल्याही खुर्चीवरून सगळा बर्फ दिसतो. सात हजारांवर माणसं बसतील एवढी ती जागा. गाव तर आजही चौदा हजारांच्या आसपासचं आहे.

इमारतीचं पान भरून झालं की त्या इमारतीत दुसरं काय काय झालं तेही शोधा. याच छताखाली २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेननं बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. हॉकीचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून मी आधी ते गाळलं होतं. नंतर परत घातलं. कारण त्या तारखेमुळे बाहेरच्या पुष्कळ लोकांनी त्या इमारतीबद्दल लिहून ठेवलंय, आणि त्या लिखाणात बेअर्सबद्दलचे तपशील आपोआप सापडतात. २००२ मध्ये संघ शेजारच्या जायंट सेंटरमध्ये गेला. जुनी इमारत अजून उभी आहे. जमलं तर जाऊन पाहा. मी पाहिली, आणि छताखाली उभं राहिल्यावर तोपर्यंत वाचलेलं सगळं जागच्या जागी बसलं.

मग नाव. प्रत्येक छोट्या संघाचं नाव कधी ना कधी बदललेलं असतं, आणि त्या बदलामागे गोष्ट असते. १९३२ मध्ये हा संघ निघाला तेव्हा त्याचं नाव होतं बार्स, म्हणजे चॉकलेटच्या वड्या. उघड उघड मालाची जाहिरात. नाव फारच व्यापारी आहे अशी टीका झाली आणि १९३६ मध्ये ते बेअर्स, म्हणजे अस्वलं, असं झालं. उच्चार जवळपास तोच राहिला, अर्थ मात्र पार पालटला. जुनी कात्रणं शोधताना हे ठाऊक नसेल तर पहिली चार वर्षं हातून जातात. आणखी एक गोष्ट: हर्शी ही सरकारदरबारी स्वतंत्र नगरपालिका नाही, ती डेरी टाऊनशिपचा भाग आहे. म्हणून कागदपत्रं "डेरी" या नावाखालीही शोधा. आपल्याकडे कामठीचं कागद नागपूरच्या खात्यात सापडावं, तसंच.

आता लीग, म्हणजे संघांची स्पर्धामालिका. हे थोडक्यात सांगते. वर नॅशनल हॉकी लीग, तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग, तिच्या खाली ईसीएचएल. बेअर्स मधल्या पायरीवर आहेत. आधी काही वर्षं ते ईस्टर्न अॅमॅच्युअर लीगमध्ये होते. १९३८ मध्ये ज्या लीगमध्ये आले, तिचंच नाव १९४० मध्ये अमेरिकन हॉकी लीग झालं. तेव्हापासून तिथेच आहेत. या लीगमध्ये इतका जुना दुसरा संघ नाही. बाकीचे आले, गाव बदलून गेले, बंद पडले. वहीत हा जिना एकदा काढून ठेवा आणि संघ कोणत्या वर्षी कोणत्या पायरीवर होता ते शेजारी मांडा.

मधल्या पायरीचा अर्थ नीट समजून घ्या, कारण छोट्या संघाचं सगळं सुखदुःख तिथेच आहे. हा संघ दुसऱ्यासाठी खेळाडू घडवतो. वरच्या लीगमधला एक संघ त्याचा पालक असतो. आपले तरुण खेळाडू तो इथे पाठवतो आणि तयार झाले की उचलून नेतो. हर्शीचा पालक १९८४ ते १९९६ फिलाडेल्फिया होता, मग २००५ पर्यंत कोलोरॅडो आणि तेव्हापासून वॉशिंग्टन. ब्रेडन होल्टबी आणि जॉन कार्लसन दोघंही हर्शीत खेळले आणि २०१८ मध्ये वॉशिंग्टननं वरच्या लीगचा स्टॅन्ली करंडक जिंकला तेव्हा त्या संघात होते. हर्शीच्या लोकांना याचा अभिमान आहे आणि पोरं हातची गेल्याची हुरहुरही आहे. मुलगा शिकायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा खेळाडूंसाठी तीन रकाने करा: कुठून आला, किती हंगाम राहिला, कुठे गेला. गोल किती केले हा रकाना नंतर.

आणि कोण राहिलं तेही बघा. जाणाऱ्यांच्या संघात राहणारा माणूस हाच खरा कणा असतो. इथे तो फ्रँक मॅथर्स. १९५६ मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आला, पुढे संघाचा अध्यक्ष झाला, १९९१ पर्यंत राहिला. पस्तीस वर्षं एकाच ठिकाणी. १९५८ पासून १९८८ पर्यंतचे सहाही करंडक त्याच्या काळातले. १९९२ मध्ये त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, घेतलं. माझ्या वहीत त्याला नऊ पानं आहेत आणि १३ करंडकांना मिळून चौदा.

आकड्यांबद्दल मात्र कडक राहा. मी स्वतः चुकले, म्हणून सांगते. आइस हॉकीचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, म्हणजे तो दोन वर्षांत पसरलेला असतो. १९४६–४७ च्या हंगामाचा करंडक मी १९४६ खाली मांडला आणि पुढची सगळी यादी एकेक वर्ष मागे सरकली. चार पानं फाडावी लागली. तेव्हापासून शाळेच्या वर्षासारखी दोन्ही सालं लिहिते. दुसरा खड्डा "बरोबरी"चा. २००४–०५ पासून या लीगमध्ये सामना बरोबरीत सुटतच नाही; करंडकाच्या फेऱ्यांआधीच्या नेहमीच्या सामन्यांत जादा वेळेतही निकाल लागला नाही, तर एकेका खेळाडूला एकट्यानं गोलरक्षकासमोर फटका मारायला लावतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या हंगामांचे रकाने शेजारी ठेवून नुसती बेरीज करू नका. आणि ग्रंथालयातला माझा जुना नियम इथेही लागू: एक आकडा, दोन वेगवेगळे स्रोत. तोच आकडा दोन संकेतस्थळांवर असला तरी एकानं दुसऱ्याचा उतरवलेला असू शकतो. एक स्रोत त्या काळातलं वर्तमानपत्र असलं तर उत्तम. मी आकडा आधी पेन्सिलीनं लिहिते, दुसरीकडे जुळला की शाईनं.

नागपुरात बसून हे होतं का? होतं. हर्शी कम्युनिटी अर्काइव्हज म्हणून त्या गावाचा दप्तरखाना आहे, तिथल्या लोकांना ईमेल केलं. पत्र लिहायची पद्धत महत्त्वाची. "बेअर्सबद्दल माहिती पाठवा" असं लिहिलं तर कुणीही काय पाठवणार? मी एका पत्रात एकच प्रश्न विचारते, सालासकट, आणि मला आधीच काय सापडलंय ते दोन ओळींत सांगते. समोरचा माणूसही माझ्यासारखाच कपाटापाशी उभा आहे, हे लक्षात ठेवून लिहायचं. हिवाळ्यात तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. तो चहा घेता घेता पाहून होतो, आणि पाहता पाहता टिपणंही होतात.

लिहिताना शब्दांचा प्रश्न येईल. नुसतं "हॉकी" म्हटलं की आपल्या वाचकाला मैदान दिसतं, म्हणून निदान पहिल्यांदा तरी "आइस हॉकी" लिहा. "पक"ला मी मराठी शब्द शोधला नाही. एकदाच सांगितलं: कडक रबराची तीन इंच रुंद आणि एक इंच जाड चकती, जाडजूड बालूशाहीएवढी, सामन्याआधी गोठवून ठेवतात म्हणजे ती बर्फावर उसळत नाही. त्यानंतर सगळीकडे "पक"च. एका बाजूला सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वाचकाला एवढं पुरतं.

कागद संपले की माणसांकडे जा. मुलाच्या गल्लीत ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते. मी आधी विचारलं, "जुने सामने आठवतात का?" ते म्हणाले, "हो, छान होते." तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुम्ही कुठे बसायचात?" मग दीड तास बोलले. कितवी रांग, वडील कोणत्या बाजूला, कोट का काढायचे नाहीत, परतताना हवेत कारखान्याचा कोकोचा वास कसा यायचा. जागा विचारा, खाणं विचारा, कुणाबरोबर जायचात ते विचारा; सामना मागून येतो. पण आठवणीतलं साल तसंच उतरवू नका, ते पेन्सिलीतच राहू द्या. आणि बोलणाऱ्याचं नाव छापायचं असेल तर त्याला विचारून छापा.

लोक जे दरवर्षी करतात, त्यासाठी वेगळी पानं राखा. हर्शीत एका सामन्यात संघानं पहिला गोल केला की प्रेक्षक बर्फावर कापसाची अस्वलं फेकतात. ती गोळा करून मुलांसाठी वाटतात. २००१ पासून हे चालू आहे. जानेवारी २०२४ मध्ये ७४,५९९ खेळणी पडली, जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३. चौदा हजारांचं गाव आणि एक लाखाच्या वर खेळणी! नात त्या वर्षी दोन घेऊन गेली होती. तो आकडा मी शाईनं लिहिलाय, आणि कंसात "यातली दोन आपली" असंही.

हे सगळं कशासाठी करायचं ते तुम्हीच ठरवा, पण त्यासाठी अमेरिकेतला संघच हवा असं नाही. आमच्या जुन्या वस्तीत कबड्डीचा एक संघ होता. गिरणीतली पोरं पाळी सुटल्यावर खेळायची. ज्या मंडळाकडे त्याची नोंदवही होती, त्यांनी खोली रिकामी करताना ती रद्दीत दिली. मी पोचेपर्यंत कपाट मोकळं होतं. तेव्हा तुमच्या ओळखीत असा संघ असेल तर लिहायला बसण्याच्याही आधी वही कुणाकडे आहे ते विचारा आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढून आणा. एका प्रतीवर विसंबू नका. माझ्या वहीच्या तीन प्रती आहेत: मूळ माझ्याकडे, एक मुलाकडे, एक नातीच्या खोलीत.

वहीत पुढची पानं कोरी ठेवा आणि पहिल्या पानावर तारीख घालून लिहा, "इथपर्यंत तपासलं." मी शेवटची वीस पानं सोडली होती. २१ जून २०२३ ला बेअर्सनी सातव्या आणि शेवटच्या सामन्यात, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जादा वेळेत करंडक जिंकला. माइक व्हेकिओनीचा गोल, ३–२. बाहेर उकाडा, आत बर्फ. नागपुरात तेव्हा सकाळ होती. नातीचा फोन आला, "आजी, लिहिलंस का?" मी म्हटलं, पेन्सिलीनं लिहिलंय. दुसरीकडे जुळलं की शाई.