देवा, आम्हाला ‘प्रिव्हेन्ट’ कर! एका इंग्रजी क्रियापदाची कुंडली कशी मांडायची

जुन्या बाजारात एका रविवारी चाळीस रुपयांना इंग्रजी प्रार्थनापुस्तक मिळालं. कॅम्पातल्या कुठल्या तरी कपाटातून निघालेलं, शिवण उसवलेलं. घरी चाळताना एका ओळीवर डोळा अडकला: ‘प्रिव्हेन्ट अस, ओ लॉर्ड, इन ऑल अवर डूइंग्ज’. म्हणजे काय, हे प्रभू, आमच्या प्रत्येक कामात आम्हाला अडव? एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, हात आपोआप लाल पेनाकडे गेला. पण प्रार्थनेतली चूक एवढी वर्षं कोण राहू देईल?

शब्दाचं मूळ काढायला बसाल तेव्हा सुरुवात अशीच करा. कोश लगेच उघडू नका. आधी असं एक वाक्य पकडा ज्यात आजचा अर्थ बसतच नाही, आणि मग त्याच्या शेजारचे शब्द वाचा. इथे पुढेच ‘फर्दर अस’ आहे, आम्हाला पुढे ने. एका दमात अडव आणि पुढे ने असं कुणी मागत नाही. म्हणजे ‘प्रिव्हेन्ट’ इथे काहीतरी भलं करतोय.

आता शब्द फोडा. तो लॅटिनमधून आलेला: ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘वेनीरे’ म्हणजे येणे. लॅटिनसाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश इंटरनेटवर फुकट आहे, तो जुना असला तरी अजून कामाचा. ही प्रार्थना मुळात लॅटिन. तिथे ‘प्राएवेनी’ आणि ‘प्रोसेक्वेरे’ अशी जोडी आहे. आमच्या कामांच्या आधी तू ये, आणि मदत करत मागून चाल. पुढे वाटाड्या, मागे राखणदार. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात पहिल्या शब्दाचं ‘प्रिव्हेन्ट’ झालं, आणि तेव्हाच्या वाचणाऱ्याला त्यात काहीच खटकलं नसणार.

तिसरं काम कंटाळवाणं, पण खरी मजा त्यातच. शाळेची वही घ्या, तीन रकाने पाडा: साल, वाक्य, आणि निकाल. प्रत्येक वाक्यात आधी ‘आधी येणे’ घालून पाहा, मग ‘अडवणे’. माझ्या वहीत १६११ च्या इंग्रजी बायबलातलं ११९ वं स्तोत्र आहे. तिथे भक्त म्हणतो, मी पहाटेला ‘प्रिव्हेन्ट’ केलं. पहाट काय अडवणार कपाळ? तो पहाटेच्या आधी उठला. त्याच बायबलात थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ४, ओवी १५) जिवंत असलेले लोक मेलेल्यांना ‘प्रिव्हेन्ट’ करणार नाहीत, असं आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात तिथे ‘प्रिसीड’, म्हणजे आधी जाणे, घातलं. भाषांतरकारांनी शब्द बदलला की समजा, जुना अर्थ वाचकाच्या हातून निसटलाय.

आणि आता वहीतली माझी लाडकी नोंद. ‘हॅम्लेट’ नाटक, १६०० च्या आसपासचं. राजाने पाठवलेले दोन मित्र हॅम्लेटच्या मनातलं काढून घ्यायला आलेत, आणि त्याने ते ओळखलंय. तो म्हणतो, तुम्हाला का बोलावलंय ते मीच सांगतो, म्हणजे माझा अंदाज तुमच्या कबुलीला ‘प्रिव्हेन्ट’ करेल. घाला दोन्ही अर्थ. ‘कबुलीच्या आधी येईल’ बसतं. ‘कबुली टाळेल’ हेही बसतं. शब्द वळतो तो अशा वाक्यांत. कुणी ठरवून अर्थ बदलत नाही. बोलणाऱ्याच्या मनात एक, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि व्यवहार बिनबोभाट चालू. कुणी आधी पोचला की मागच्याचं काम राहून जातं, एवढीच ती पायरी. म्हणून शंभर उदाहरणं गोळा करत बसू नका, दोन्ही अर्थ झेलणारी दोन-तीन मिळाली तरी वही सार्थकी लागली. १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात सॅम्युअल जॉन्सनने आधी जाण्याचे अर्थ सुरुवातीला दिले, अडवण्याचा शेवटी, आणि आता जवळपास हाच उरलाय असा शेराही मारला.

हे पटत नसेल तर आपल्या ‘आगाऊ’कडे बघा. आगाऊ रक्कम दिली की दुकानदार खूश. आगाऊ कार्टं म्हटलं की त्याची आई नाराज. आधी येणं दोन्हीकडे आहे. मांजरही बिचारं फक्त पुढून जातं, काम अडतं ते आपलं.

फसायच्या जागा दोन. कानावर विसंबू नका. ‘व्हेन्टिलेशन’मधलं ‘व्हेन्ट’ लॅटिन वाऱ्याचं आहे, येण्याचं नाही. ‘वेनीरे’ आणि आपलं ‘येणे’ कानाला सख्खी भावंडं वाटतात, पण नाहीत. ‘वेनीरे’चं खरं नातं संस्कृत ‘गम्’शी, आणि इंग्रजी ‘कम’शीही: एकाच धातूच्या तोंडी लॅटिनमध्ये व, संस्कृतात ग, इंग्रजीत क आला. ‘येणे’चा चुलतभाऊ भलतीकडेच आहे, थिएटरच्या दारावरच्या ‘एक्झिट’मधलं ‘इट’!

दुसरी जागा म्हणजे मूळ सापडल्यावर डोक्यात शिरणारी हवा. ‘प्रिव्हेन्ट’चा ‘खरा’ अर्थ आधी येणे, असं चारचौघांत सांगत सुटू नका. मी एकदा सांगितलं, भाचीने शांतपणे विचारलं, मग डासांच्या आधी कॉइल येते का?

दिसायला एक पण मुळात दोन, असेही शब्द असतात, जाता जाता ते सांगते. आपल्या पासपोर्टवर ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ छापलेलं असतं. तो ‘लेट’ लॅटिन नव्हे, जुना इंग्रजी, आणि त्याचा अर्थ अडथळा. आज रोज वापरतो तो ‘लेट’ म्हणजे करू देणे, दिसायला तोच, पण जुन्या इंग्रजीतही तो वेगळा शब्द होता.

सरावाला ‘इन्व्हेन्ट’ घ्या. इन अधिक वेनीरे, एखाद्या गोष्टीपाशी येऊन पोचणे. माझ्या त्याच फाटक्या पुस्तकाच्या पंचांगात ३ मेसमोर छापलंय: ‘इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस’. क्रूस कुणी बनवला याचा तो दिवस नव्हे, तो सापडल्याचा. मराठी वाचकाला इथे अडखळायचं कारण नाही, आपण अमेरिकेचाही शोध लावतो आणि टेलिफोनचाही.