लिफाफ्यावरचा चौकोनी कोड टपालाचे पैसे भरल्याचं कसं सिद्ध करतो? प्रदर्शनासाठी स्वतः बनवून बघा

नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला. त्याआधी कित्येक दशकं आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. त्यामुळे तिकिटाचं महत्त्व नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पण नाशिकमधल्या मुलांना विचारा, की बँकेच्या किंवा कंपनीच्या पाकिटावर तिकीट नसून नुसता छापील ठसा आणि ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतो, तो पैसे भरल्याचं कसं सिद्ध करतो? बहुतेकांकडे उत्तर नसतं. आठवीच्या पुढची मुलं हे तंत्र स्वतः बनवून समजून घेऊ शकतात, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय फार चांगला आहे, असं माझं ठाम मत आहे. साहित्य लागतं ते एवढंच: एक संगणक, एक प्रिंटर, दोन स्मार्टफोन, साधा कॅल्क्युलेटर, पन्नासेक लिफाफे आणि एक लांब नोंदवही.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. प्रत्येक लिफाफ्यावर ठळक अक्षरांत ‘नमुना – टपालासाठी नाही’ असं छापा. टपाल खात्याचं नाव, बोधचिन्ह किंवा खऱ्या ठशासारखी रचना अजिबात वापरू नका. सरकारी तिकिटाची नक्कल करणं हा गुन्हा आहे, आणि हा प्रयोग करायला तशा नक्कलेची गरजही नाही.

तिकीट कोणती दोन कामं करतं, ते आधी ओळखा

तिकिटाचा कागद, रंग, दातेरी कड आणि बारीक छपाई यांची नक्कल करणं अवघड असतं. तिकीट खरं आहे हे त्यावरून कळतं. ते दुसऱ्यांदा वापरता येऊ नये म्हणून पोस्टात त्यावर तारखेचा शिक्का मारतात. खरेपणा हे एक काम झालं, पुनर्वापर रोखणं हे दुसरं. कोडलाही ही दोन्ही कामं करावी लागतात, आणि दोन्हींसाठी वेगवेगळी युक्ती लागते. ‘कोड एन्क्रिप्टेड (गुप्त लिपीत) आहे, म्हणजे सगळं सुरक्षित’ असं म्हणणारा पहिल्या कामापाशीच थांबलेला असतो. तुमच्या प्रदर्शनाचा खरा कस दुसऱ्या कामात लागेल.

एक खरा लिफाफा समोर ठेवा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा बँकेत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे फ्रँकिंग केलेलं, म्हणजे तिकिटाऐवजी यंत्राने ठसा छापलेलं, जुनं पाकीट मागा. ठशात रक्कम, तारीख, टपाल कार्यालयाचं नाव आणि यंत्राचा क्रमांक शोधा. शेजारी चौकोनी कोड असेल तर त्याच्या कडा नीट पाहा. डावी आणि खालची कड सलग काळी असेल तर तो डेटामॅट्रिक्स. तीन कोपऱ्यांत चौकटी असतील तर तो आपल्या रोजच्या पैसे देण्याच्या कोडसारखा क्यूआर. बऱ्याच फोनचा कॅमेरा डेटामॅट्रिक्स ओळखत नाही, त्यासाठी बारकोड वाचणारं वेगळं ॲप घ्यावं लागतं. वाचल्यावर निरर्थक अक्षरं दिसली तर फोन बिघडला असं समजू नका. यंत्रासाठीची माहिती माणसाला वाचता यावी अशा रूपात नसते. पाकिटावर कोणाचा पत्ता असेल तर त्याचा फोटो पुढे पाठवू नका.

कोडात काय भरायचं ते ठरवा

आपल्या नमुन्यात चार गोष्टी पुरतात: ज्याला पत्र जायचं त्याचा पिनकोड, रक्कम, तारीख आणि अनुक्रमांक. पिनकोड घालतात तो ठसा त्या पत्त्याशी बांधला जावा म्हणून. अनुक्रमांक घालतात तो प्रत्येक लिफाफा वेगळा ओळखता यावा म्हणून.

अमेरिकेत संगणकावरून घरीच टपाल छापण्याची परवानगी १९९९ साली व्यावसायिक कंपन्यांना मिळाली. तिथल्या कोडात आणखी दोन आकडे असत: आजवर खर्च झालेली एकूण रक्कम आणि यंत्रात उरलेली रक्कम. समजा यंत्रात १००० रुपये भरले आणि ५ रुपयांची तीन पत्रं काढली, तर पहिला आकडा १५ आणि दुसरा ९८५ होतो. दोन्हींची बेरीज भरलेल्या रकमेइतकी आली नाही, तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं. मुलांना हिशेबाची ही बाजू आवडते, म्हणून वेळ असेल तर हे दोन आकडेही जरूर घ्या.

मोहोर आधी कागदावर करा

मोहोर म्हणजे तपशील खरा आहे हे दाखवणारी, गुप्त किल्लीने काढलेली संख्या. ही पायरी घाईत उरकू नका. संगणकाला हात लावण्याआधी हे हाताने केलं, तरच पुढचं कळतं.

समजा पत्र नाशिक रोडला जायचं आहे. पिनकोड ४२२१०१, रक्कम ५ रुपये, तारीख १२, अनुक्रमांक २३. पिनकोडच्या अंकांची बेरीज १०. त्यात ५, १२ आणि २३ मिळवले की ५०. आता ५० ला ३३ ने भागा. बाकी १७ उरते. हा १७ म्हणजे सगळ्या तपशिलाचा गोषवारा.

आता ठसा उमटवणाऱ्या मुलाकडे गुप्त किल्ली आहे: ७. त्याने १७ चा सातवा घात काढायचा आणि ३३ ने भागून बाकी घ्यायची. एकदम मोठा गुणाकार करायची गरज नाही. दर वेळी १७ ने गुणा, ३३ ने भागा आणि बाकी पुढे न्या. क्रम असा येतो: १७, २५, २९, ३१, ३२, १६, ८. शेवटचा ८ ही मोहोर. लिफाफ्यावर चार तपशील आणि शेजारी ८ लिहा.

तपासणाऱ्याला ७ माहीत नसतो. त्याच्याकडे फक्त उघडी किल्ली आहे: ३ आणि ३३. तो ८ चा घन काढतो, ५१२. त्याला ३३ ने भागलं की बाकी १७. मग लिफाफ्यावरचे तपशील स्वतः मिळवून पाहतो, तिथेही १७. जुळलं. मोहोर खरी.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. रक्कम आणि तारीख कुठेही लपवलेली नाही, ती कोणीही वाचू शकतो. कुलूप आहे ते फक्त मोहोर उमटवण्याच्या अधिकाराला. तपासण्याचा अधिकार सगळ्यांना, उमटवण्याचा एकालाच, ही या गणिताची कमाल आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडलेल्या आरएसए पद्धतीचं हे सर्वांत छोटं रूप आहे.

मग मुलांनाच ती मोडायला सांगा

एकाने ५ चे १० रुपये करावेत. बेरीज ५५, बाकी २२. मोहोर मात्र १७ सांगते, म्हणजे पकडलं.

दुसऱ्याने रक्कम १० करावी आणि तारीख १२ ची ७ करावी. बेरीज पुन्हा ५०, आणि बनावट लिफाफा खुशाल पास होतो! साधी बेरीज हा गोषवारा म्हणून किती कच्चा आहे हे इथे दिसतं. म्हणून खऱ्या पद्धतीत शा-२५६ सारखं सूत्र वापरतात. तपशिलातलं एक अक्षर बदललं तरी त्याचा निकाल पूर्ण वेगळा येतो.

तिसऱ्याने ३३ चे अवयव पाडावेत: ३ आणि ११. प्रत्येकातून एक वजा करून गुणाकार केला की २०. आता ३ ला कशाने गुणलं म्हणजे २० ने भागल्यावर बाकी १ उरते? ७ ने. गुप्त किल्ली उघडी पडली. शिवाय मोहोर अंदाजाने लिहिली तरी ३३ पैकी एकदा ती बरोबर येईलच. खऱ्या वापरातली २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. तिचे अवयव पाडणं आजच्या संगणकांना जमत नाही.

आता संगणकावर

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत किल्ल्यांची जोडी तयार करणं, मोहोर उमटवणं आणि क्यूआर कोड बनवणं यासाठी मोफत लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचे संच, मिळतात. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांची मदत घ्या. पद्धत निवडताना लिफाफ्यावरच्या जागेचा विचार करा. २०४८ बिटांच्या आरएसएची मोहोर २५६ बाइट जागा खाते. ईडी२५५१९ या मोहोरेच्या दुसऱ्या पद्धतीची फक्त ६४. म्हणून आपल्या कामाला दुसरी बरी: कोड लहान येतो, ठिपके मोठे ठेवता येतात आणि फोन पटकन वाचतो. मोहोर उमटवायचं सूत्र स्वतः लिहायचा मोह आवरा. ते तपासून घेतलेल्या लायब्ररीतलंच वापरा.

छपाईत बऱ्याच जणांचं घोडं अडतं. मेन रोडला मिळणाऱ्या खाकी पाकिटांचा कागद खरखरीत असतो. त्यावर इंकजेटची शाई पसरते आणि रंगामुळे काळा-पांढरा फरक कमी होतो. पांढऱ्या स्टिकरवर लेझर प्रिंटरने छापून तो चिकटवा. क्यूआरच्या चारही बाजूंना चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडा. चौकट काढून सजवायला गेलात तर कोड वाचला जात नाही. नाशिकच्या पावसाळ्यात टपाल भिजतं, हेही धरून चाला. क्यूआरमध्ये चुकांची दुरुस्ती चार पातळ्यांवर मिळते, अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के. मी २५ टक्के घेईन. कोड थोडा मोठा होतो, पण आतला थोडा भाग पुसला तरी वाचता येतो. छापलेल्या लिफाफ्यांपैकी एकावर पाण्याचा हात फिरवा, एक चुरगाळा, एकावर पेनाची रेघ मारा आणि तिन्ही वाचून पाहा.

नोंदवही: दुसरं काम

आता सगळ्यांत सोपा हल्ला करा. खरा, मोहोरबंद लिफाफा झेरॉक्सवाल्याकडे न्या आणि कोडच्या दहा प्रती काढा. दहाही प्रती मोहोरेच्या तपासणीत पास होतील. गणितात काहीच चूक नाही, कारण एकही अक्षर बदललेलं नाही. पैसे मात्र एकाच पत्राचे भरलेत.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा. कोड वाचा. मोहोर जुळते का पाहा. तारीख फार जुनी नाही ना पाहा. कोडातला पिनकोड लिफाफ्यावरच्या पत्त्याशी जुळतो का ते डोळ्यांनी पाहा. शेवटी अनुक्रमांक नोंदवहीत आधी आहे का ते शोधा. नसेल तर लिहा आणि लिफाफा सोडा. असेल तर बाजूला ठेवा. तिकिटावर बसणाऱ्या शिक्क्याचं काम इथे ही नोंद करते.

पिनकोडमुळे चोराचं काम आधीच अवघड होतं. नाशिक रोडच्या पत्राचा कोड सातपूरच्या ४२२००७ ला चालत नाही, त्यामुळे प्रती खपवायला एकाच भागातले पत्ते लागतात.

तपासणीची दोन टेबलं मांडा, एकाला ‘पंचवटी’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘देवळाली कॅम्प’. दोघांना स्वतंत्र वह्या द्या आणि एकाच लिफाफ्याच्या दोन प्रती दोन टेबलांवर टाका. दोन्ही पास होतात! मग दोघांचे फोन एकाच सामायिक तक्त्याला जोडा आणि पुन्हा तेच करा. आता दुसरी प्रत अडकते. मोठ्या देशात रोजची लाखो पत्रं तपासायची तर हा सामायिक तक्ता सांभाळणं हेच सगळ्यांत खर्चिक काम असतं. प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांना या टेबलांपाशी थांबवा आणि झेरॉक्स त्यांच्याच हातात द्या.

ब्रिटनच्या रॉयल मेलने २०२२ पासून रोजच्या वापरातल्या तिकिटांवरच बारकोड छापायला सुरुवात केली. बारकोड नसलेली तशी जुनी तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर चालेनाशी झाली. प्रत्येक तिकिटाला स्वतःची ओळख मिळाली, म्हणजे धुऊन पुन्हा वापरलेलं तिकीट शाईच्या शिक्क्याशिवायही पकडता येतं.

गुप्त किल्ली कोणाकडे?

तेलगी प्रकरणात बनावट मुद्रांक वर्षानुवर्षं खऱ्यासारखे वापरात राहिले. कोडाच्या पद्धतीत अशी चोरी करायला कागद आणि शाई लागत नाही, फक्त गुप्त किल्ली लागते. म्हणून खऱ्या यंत्रांत ती एका बंद, सुरक्षित भागात असते. पैसे वजा करणं आणि मोहोर उमटवणं ही दोन्ही कामं त्याच्या आतच होतात, किल्ली बाहेर येतच नाही. यंत्र गहाळ झालं तर त्याचा क्रमांक तक्त्यात बाद करतात आणि त्याची पुढची प्रत्येक मोहोर नाकारली जाते.

तुम्ही इंटरनेट नसलेला एक जुना लॅपटॉप या कामाला द्या आणि तो एकाच जबाबदार मुलाकडे सोपवा. उघडी किल्ली मात्र मोठ्या अक्षरांत फलकावर लावा, पाहुण्यांना तिचा फोटो काढू द्या आणि कोणताही लिफाफा स्वतःच्या फोनवर तपासू द्या. दुपारच्या सुमारास, लॅपटॉप ‘चोरीला गेला’ असं जाहीर करून त्याची किल्ली तक्त्यात बाद करा, नवी जोडी तयार करा आणि फलकावरची किल्ली बदला. सकाळी छापलेले, अजून न तपासलेले खरे लिफाफे आता स्वीकारायचे की नाकारायचे, हे मुलांनी आधीच ठरवून फलकावर लिहून ठेवलेलं असावं. पाहुणे तो प्रश्न हमखास विचारतात.