एक्सक्लुझिव्ह स्किनच्या मागे लागण्याआधी

तुमची स्किन, म्हणजे गेममधल्या तुमच्या पात्राचं किंवा बंदुकीचं वेगळं रूप, पाहून समोरच्या खेळाडूला तुमच्याबद्दल काय कळतं? 'पुन्हा मिळणार नाही' असं लिहिलेली वस्तू घ्यायची की सोडायची, हे ठरवायला मला एवढा एकच प्रश्न पुरतो. तुम्ही काहीतरी करून दाखवलंय हे कळत असेल, तर खुशाल रात्र जागवा. अमुक आठवड्यात तुमच्या खात्यात पैसे होते एवढंच कळत असेल, तर पाणी प्या आणि उद्या बघा.

नाशिकला माझा गेमिंग कॅफे आहे. दुपारी कॉलेजची पोरं, रात्री नोकरीवाले. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक सगळ्यात जास्त चालतात, फोर्टनाइट थोडंफार, आणि माझ्या खुर्चीत बसून स्वतःच्या मोबाइलवर बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार) खेळणारा एखादा महाभाग असतोच. त्याच्याकडून मी एसीचे पैसे घेते. स्वतः खेळते, स्किनही घेते, त्यामुळे हे प्रवचन समजू नका. 'ताई, घेऊ का?' असं काउंटरवर येऊन विचारणाऱ्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

आधी वस्तूचा प्रकार ओळखा

मिरवायच्या वस्तू ढोबळमानाने तीन वाटांनी येतात: खेळून मिळवलेल्या, 'तुम्ही तेव्हा होतात' म्हणून मिळालेल्या आणि ठराविक मुदतीत विकत घेतलेल्या. तिन्हींवर 'एक्सक्लुझिव्ह' हाच शिक्का असतो, म्हणून घोळ होतो.

मधल्या प्रकारातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जुनं आहे. टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये २००९ साली टोप्या आल्या. खेळता खेळता त्या अधूनमधून आपोआप मिळायच्या. मग काही हुशार मंडळींनी गेम न खेळता नुसती हजेरी लावणारा बाहेरचा प्रोग्रॅम चालवून टोप्यांचा साठा केला. सप्टेंबर २००९ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने अशा मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या, आणि ज्यांनी लबाडी केली नव्हती त्यांच्या डोक्यावर एक तेजोवलय चढवलं. नाव ठेवलं 'चीटर्स लमेंट', म्हणजे लबाडांचा विलाप. लबाडी करणारे होते साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वलय बाकी जवळजवळ सगळ्यांनाच मिळालं. दुर्मिळ वगैरे काही नव्हतं. तरी ते घालणाऱ्याबद्दल एक गोष्ट नक्की कळायची, की हा गडी सरळ खेळला. आजच्या महागड्या बंडलांपैकी, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या स्किनच्या संचांपैकी, कितींबद्दल असं म्हणता येईल?

हाच गेम जून २०११ मध्ये फुकट झाला, तेव्हा आधी पैसे मोजून घेतलेल्यांना 'प्रूफ ऑफ पर्चेस' नावाची टोपी मिळाली. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह ६ डिसेंबर २०१८ ला फुकट झाला, तेव्हा जुन्या खेळाडूंना लॉयल्टी बॅज दिला. कारण उघड आहे. काल पैसे भरलेला माणूस आज फुकट घुसलेल्या गर्दीकडे बघून चिडणार, निदान त्याच्या छातीवर काहीतरी लावा. असली बक्षिसं आधी सांगून येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे धावताही येत नाही. खेळत असाल तर मिळतील, विषय संपला.

खेळून मिळणाऱ्यांत काउंटर-स्ट्राइकचं सर्व्हिस मेडल येतं. एक्सपी, म्हणजे खेळून मिळणारे गुण, गोळा करत ४० व्या प्रोफाइल रँकपर्यंत पोहोचायचं, मेडल घ्यायचं, की रँक पुन्हा पहिल्यापासून. त्याच वर्षात परत वर चढलात तर मेडलचा रंग बदलतो. मेडलवर वर्षही असतं. माझ्याकडे येणारा एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, त्याच्या प्रोफाइलवर अशी मेडलं ओळीने लागली आहेत, मध्ये एका वर्षाची जागा रिकामी. त्या वर्षी त्याचं लग्न झालं. पोरं त्याच्या चाकूच्या स्किनपेक्षा त्या ओळीकडे जास्त आदराने बघतात.

विकत घ्यायच्या वस्तूंतही सगळं टाकाऊ नसतं. व्हॅलोरंटचं चॅम्पियन्स बंडल दरवर्षीच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी येतं, विक्रीतला वाटा संघांना जातो आणि नंतर ते दुकानात परत येत नाही. तुम्ही ती स्पर्धा खरंच बघत असाल, पहाटेपर्यंत ओरडत असाल, तर घ्या. पुढच्या वर्षी ती बंदूक हातात घेतल्यावर तुम्हाला तो सामना आठवेल. फायनलमध्ये कोण खेळलं हे माहीत नसेल तर मात्र तुम्ही नुसता रंग विकत घेताय.

'पुन्हा कधीच नाही' हे वाक्य कोण म्हणतंय ते बघा

फोर्टनाइटची स्कल ट्रूपर ही स्किन ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि गायब झाली. वर्षभर ती ज्याच्याकडे असेल तो लॉबीत राजा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती पुन्हा दुकानात आली. जुन्यांनी आरडाओरड केली, तेव्हा फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने बरा मार्ग काढला: २०१७ साली घेतलेल्यांना जांभळ्या झळाळीची वेगळी आवृत्ती दिली. नव्यांना स्किन मिळाली, जुन्यांचा मानही राहिला.

बॅटल पास म्हणजे सीझनभर खेळत टप्प्याटप्प्याने वस्तू मिळवून देणारा विकतचा पास. त्याच्या वस्तू मात्र त्या सीझननंतर कधीच मिळणार नाहीत, ही फोर्टनाइटची जुनी रीत. तीही बदलली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या चॅप्टर ५, सीझन ४ पासूनच्या पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनंतर दुकानात येऊ शकतात, असं कंपनीनेच जाहीर केलं. मला हा बदल पटतो. बारावीच्या परीक्षेमुळे सीझन बुडालेल्या पोराने जन्मभर हळहळत बसावं असं त्या स्किनमध्ये काही नसतं.

म्हणून खरेदीआधी बारीक अक्षरं वाचा. 'लिमिटेड टाइम' म्हणजे आत्ता काही काळ मिळेल, नंतरचं वचन नाही. 'अर्ली ॲक्सेस' म्हणजे बाकीच्यांना उशिरा मिळेल, पण मिळेल. 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलं असेल तर कशापुरतं ते शोधा: हा रंग, की ही स्किनच? 'परत येणार नाही' असं स्पष्ट वाक्य सापडलं तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. सापडलं नाही तर परत येईल असंच धरून चाला.

बॅटल पास शेवटच्या आठवड्यात घ्या

एवढा एक सल्ला घेतलात तरी वर्षाचे बरेच पैसे वाचतील. व्हॅलोरंटचा पास १००० व्हीपीचा (व्हीपी म्हणजे पैसे देऊन घ्यायचे गेममधले पॉइंट), त्यात ५० टियर, म्हणजे टप्पे, आणि वर एपिलॉगचे जादा ५. पास विकत घेतला नसला तरी तुमचा एक्सपी त्यात जमा होतच असतो. पास नंतर घेतलात तर तोवर गाठलेल्या सगळ्या टियरच्या वस्तू एकदम मिळतात. फोर्टनाइटमध्येही सीझनभर चढवलेली लेव्हल उशिरा पास घेतल्याने वाया जात नाही. मग पहिल्याच दिवशी पैसे कशाला द्यायचे? पहिल्या दिवशी घेतला की 'पैसे भरलेत, आता पूर्ण केलाच पाहिजे' हे भूत मानगुटीवर बसतं आणि तुम्ही मजेसाठी नाही, वसुलीसाठी खेळायला लागता. मध्ये दोन आठवडे जमलं नाही तर घाबरू नका, व्हॅलोरंटची आठवड्याची मिशन्स साठून राहतात.

शेवटच्या आठवड्यात काय करायचं? मी पोरांना जुन्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लावते. पास उघडायचा, तुम्ही गाठलेल्या टियरपर्यंतच्या वस्तू बघायच्या आणि ज्या तुम्ही खरोखर लावणार आहात तेवढ्याच उतरवायच्या. परवा एकाने लिहायला घेतलं. पठ्ठ्या कायम फँटम ही बंदूक घेऊन खेळणारा. पासमध्ये बकी आणि बुलडॉग या दुसऱ्याच बंदुकांच्या स्किन, दोन-तीन स्प्रे, बरीच प्लेयर कार्डं. चाकू ५० व्या टियरला, आणि हा पोहोचलेला ३१ वर. कागदावर शेवटी एक गन बडी, म्हणजे बंदुकीला लटकवायचं खेळणं, उरली. त्याने कागद चुरगाळला आणि वडापाव मागवला. असंच व्हायला पाहिजे असं नाही, कधीकधी चार वस्तू आवडत्या निघतात आणि पास स्वस्तात पडतो. पण आधी लिहा.

अगदी शेवटच्या रात्रीवर मात्र ढकलू नका. पासच्या स्क्रीनवरचा टायमर संपला की संपलं. त्याच वेळी वीज जाण्याची नाशिकची परंपरा थोर आहे.

पॉइंटांचं गणितही आधीच करा. व्हॅलोरंटमध्ये बंदुकीच्या साध्या स्किन ८७५, १२७५ आणि १७७५ व्हीपीच्या असतात. पॉइंटांची पाकिटं मिळतात ४७५, १०००, २०५० अशी. ८७५ ची स्किन हवी तर १००० चं पाकीट घ्यावं लागतं, १२५ उरतात. १७७५ साठी २०५० घेतलं तर २७५ उरतात. त्या उरलेल्या पॉइंटांत काही विशेष येत नाही, पण ते डोळ्यांसमोर लुकलुकत राहतात आणि पुढच्या टॉप-अपला हात शिवशिवतो. किंमत नेहमी रुपयांत लिहा आणि अख्ख्या पाकिटाची लिहा. घाई नसेल तर नाइट मार्केटची वाट बघा, तिथे सहा स्किन सवलतीत निघतात. कोणत्या निघतील हे तुमच्या हातात नाही, आणि चॅम्पियन्ससारखं काही तिथे येत नाही.

फुकट मिळतं ते आधी उचला

मोठ्या स्पर्धांच्या वेळी थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांना ड्रॉप मिळतात: बडी, कार्ड, टायटल. त्यासाठी गेमचं अकाउंट ट्विच किंवा यूट्यूबला सामना सुरू होण्याआधी जोडलेलं पाहिजे. जोडणी गेमच्या अधिकृत साइटवरूनच करा. सामना थेट बघायचा, दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग चालत नाही. आणि डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सॲपवर 'फ्री स्किन, इथे लॉगिन करा' अशी लिंक आली, पाठवणारा सख्खा मित्र असला तरी, उघडू नका. बहुतेक वेळा त्या मित्राची आयडी आधीच गेलेली असते.

आयडी आहे तर सगळं आहे

पब्जी मोबाइलवर आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आलं, तेव्हा जुना माल नव्या गेममध्ये नेण्याची सोय मुदतीपुरती दिली होती, फेसबुक किंवा ट्विटरच्या लॉगिनवर. गेस्ट म्हणून खेळणारे तिथेच अडकले. पुढे २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही स्टोअरवरून उतरलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. तुमची स्किन तुमच्या मालकीची नसते, वापरायची परवानगी असते. ती कंपनीच्या सर्व्हरवर आणि सरकारच्या मर्जीवर टिकते. निदान तुमच्या बाजूने ढिलाई नको: गेस्ट लॉगिन आजच एखाद्या कायमच्या खात्याला जोडा, टू-स्टेप पडताळणी चालू करा, आणि कॅफेत बसलात तर व्हॅलोरंटच्या रायट क्लायंटमध्ये लॉगिन करताना 'स्टे साइन्ड इन' वरची खूण काढा. माझ्याकडे रोज कुणाची ना कुणाची आयडी उघडी सापडते. मी बंद करते, पण सगळीकडे मी नसते.

'ओजी (म्हणजे जुनी, दुर्मिळ वस्तूंची) आयडी विकणे आहे' या जाहिरातींपासून लांब राहा. खातं विकणं-घेणं नियमात बसत नाही, आणि मूळ मालक रिकव्हरी टाकून ते परत घेऊ शकतो. शिवाय दुसऱ्याची मेडलं लावून मिरवणं मला तरी जमणार नाही.

पैसे चुकून गेले तर

व्हॅलोरंटमध्ये न वापरलेली स्किन ठराविक दिवसांत परत करता येते, पण एकदा मॅचमध्ये ती बंदूक हातात घेतली की हक्क गेला. म्हणून शंका असेल तर लावू नका, आधी सपोर्टच्या पानावर परताव्याचे नियम वाचा. बँकेकडे तक्रार हा शेवटचा उपाय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने एपिकवर ठेवलेल्या आरोपांत हेही होतं, की कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्यांची खाती कंपनीने कुलूपबंद केली. बटणांची मांडणी अशी, की गेम जागा करायला गेलं तरी खरेदी व्हायची, हा दुसरा आरोप. डिसेंबर २०२२ च्या तडजोडीत एपिकने एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी.

मुलांच्या फोनबद्दल आईवडील विचारतात, त्यांना तीन गोष्टी सांगते. कार्ड सेव्ह ठेवू नका. प्ले स्टोअरमध्ये दर खरेदीला पडताळणी लावा. आणि खर्चाला परवानगी द्यायचीच असेल तर ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड द्या, संपलं की संपलं.

गेम सोडायचा झाला तरी आयडीचा मेल बंद करू नका. दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तर पासवर्ड त्याच मेलवरून मिळेल, आणि खातं तुमचंच आहे हे पटवून द्यायला सपोर्टवाले खरेदीच्या पावत्या मागू शकतात, त्याही त्याच इनबॉक्समध्ये असतात.