व्लास्टोस वाचायचे असतील तर

प्लेटो आणि सॉक्रेटिस यांचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टोस यांच्याबद्दल जाणून घ्यायचं ठरवलंत तर आधी चरित्र शोधत बसू नका. सगळी हयात वर्गात आणि वाचनालयात गेलेला माणूस. त्यांची खरी कहाणी त्यांच्या लेखांत आहे, आणि तीही एका लेखात सापडत नाही. एक मत ठामपणे मांडायचं आणि पंचवीस-तीस वर्षांनी स्वतःच ते खोडून काढायचं, हा त्यांचा खाक्या. म्हणून लेख सालाच्या क्रमाने वाचा. मी ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. ग्रीक मला अक्षरओळखीपुरतंच येतं. तेवढ्यावर बरंच भागतं.

साली मात्र एका कागदावर उतरवून ठेवा. १९०७ मध्ये इस्तंबूलला जन्म. वडील ग्रीक, आई स्कॉटिश. तिथल्या रॉबर्ट कॉलेजातून अमेरिकेत, शिकागोला ख्रिस्ती धर्मशास्त्र, मग हार्वर्डला तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्या हाताखाली १९३१ मध्ये पीएचडी. त्याच वर्षी कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात नोकरी, युद्धकाळात कॅनडाच्या हवाई दलात. १९४८ ला कॉर्नेल, १९५५ ला प्रिन्स्टन, १९७६ ला बर्कली, १९९१ मध्ये निधन. यातलं कॉर्नेल अधोरेखित करा. त्याआधीच्या लेखनात ग्रीकांची न्यायाची आणि समतेची कल्पना हा मोठा विषय दिसतो. प्लेटोच्या विचारातल्या गुलामगिरीवरचा १९४१ चा लेख आजही वाचावा असा आहे. कॉर्नेलला युक्तिवादाची काटेकोर फोड करणाऱ्या विश्लेषक तत्त्वज्ञांची संगत मिळाली आणि वाक्यावाक्याला धार आली.

आता व्लास्टोस बाजूला ठेवा आणि आधी प्लेटो उघडा. हा टप्पा गाळून थेट टीकाकारांकडे धावणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघते. त्यांना मतं पाठ असतात, संवाद माहीत नसतो. त्याचा ‘प्रोटॅगोरस’ हा संवाद घ्या. पर्सिअस या संकेतस्थळावर ग्रीक मजकूर आणि इंग्रजी अनुवाद दोन्ही फुकट मिळतात. समासात ३३१सी असे आकडे दिसतील. ते १५७८ साली एस्तिएन यांनी छापलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक आहेत, आणि ए ते ई ही अक्षरं म्हणजे त्या पानाचे भाग. कोणताही अनुवाद हाती असो, हा आकडा बदलत नाही. टिपणात आपल्या पुस्तकाचं पान लिहू नका, हाच आकडा लिहा.

३३१सी वरच थांबा. न्याय आणि पावित्र्य एकसारखेच का, यावर वाद चालला आहे. प्रोटॅगोरस कंटाळून म्हणतो, तुला हवं तर समजू या तसं. सॉक्रेटिस तिथेच त्याला अडवतो: ‘हवं तर’ नको, मला तुझी आणि माझी परीक्षा घ्यायची आहे. बोलणाऱ्याने स्वतःला खरं वाटतं तेच बोलायचं, ही अट. व्लास्टोस यांचं सॉक्रेटिसवरचं निम्मं काम या अटीभोवती फिरतं, असं मी तरी मानते.

वाचताना वहीत दोन रकाने आखा. डावीकडे समोरच्याने मान्य केलेलं प्रत्येक विधान, आकड्यासकट. उजवीकडे त्याने ते कसं मान्य केलं: मनापासून, नाइलाजाने की नुसतं सुटका करून घ्यायला. दहा पानांत कळतं की सॉक्रेटिसची उलटतपासणी डाव्या रकान्यावर चालते आणि अडते ती उजव्यावर.

ही सवय लागली की १९५४ चा लेख घ्या, ‘द थर्ड मॅन आर्ग्युमेंट इन द पार्मेनिडीझ’. ‘पार्मेनिडीझ’ हाही प्लेटोचा संवाद. तो ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’त आला, जेस्टोर या लेखसंग्रहाच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की असे बरेच जुने लेख पडद्यावर वाचता येतात. प्लेटोचा युक्तिवाद असा: अनेक वस्तू मोठ्या आहेत, कारण ‘मोठेपणा’ हे एक सत्त्व, म्हणजे त्या गुणाचं मूळ रूप, त्या सगळ्यांत आहे. पण मग वस्तू आणि ते सत्त्व मिळून जो नवा गट झाला, तोही मोठा. त्यासाठी दुसरं सत्त्व हवं, मग तिसरं, असं अनंतापर्यंत. व्लास्टोस यांनी पायऱ्यांना क्रमांक दिले आणि दाखवलं की पहिलीवरून दुसरी निघतच नाही. मध्ये दोन गृहीतकं दडली आहेत. एक, मोठेपणा स्वतः मोठा आहे. दोन, ज्या वस्तूत एखादा गुण आहे ती वस्तू आणि त्या गुणाचं सत्त्व एकच असू शकत नाही. दोन्ही एकत्र ठेवा: मोठेपणा हा मोठेपणा नाही! अनंताची वाट चालायची गरजच उरत नाही, विसंगती दारातच उभी. यावरून त्यांनी अनुमान काढलं की प्लेटोला आपली सगळी गृहीतकं दिसत नव्हती. तो खरोखरच गोंधळला होता आणि तो गोंधळ त्याने प्रामाणिकपणे नोंदवला. पेन घेऊन या पायऱ्या स्वतः मांडा, नुसतं वाचून हा लेख कळत नाही. सेलर्स आणि गीच या तत्त्वज्ञांनी लगेच उत्तरं दिली, वाद वर्षानुवर्षं चालला आणि १९६९ मध्ये व्लास्टोस स्वतः पुन्हा या उताऱ्याकडे वळले. या वादाच्या सगळ्या फाटे-उपफाट्यांमागे जाऊ नका, जन्म पुरायचा नाही.

पुढची उडी थेट १९८३ वर, ‘द सॉक्रेटिक एलेंखस’. एलेंखस म्हणजे सॉक्रेटिसची उलटतपासणी. १९५६ मध्ये ‘प्रोटॅगोरस’च्या प्रस्तावनेत त्यांचं म्हणणं होतं की उलटतपासणी फक्त समोरच्याच्या बोलण्यातली विसंगती उघडी पाडते. आता ते ‘गॉर्जिअस’ या संवादातल्या ४७९ई वर बोट ठेवतात. तिथे सॉक्रेटिस चक्क विचारतो, मी म्हणालो ते खरं आहे हे सिद्ध झालं ना? पण चार विधानं एकत्र नांदत नाहीत एवढंच दाखवलं, तर त्यातलं नेमकं कोणतं खोटं हे कसं ठरणार? बारावीच्या तर्कशास्त्रातही हा प्रश्न विचारता येतो. व्लास्टोस यांचं उत्तर असं की सॉक्रेटिस एक गोष्ट धरून चालतो: नीतीबद्दल खोटी समजूत बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तिला पाडणाऱ्या खऱ्या समजुतीही असतात. मला हे गृहीतक फारच उदार वाटतं. पण आपल्या दोन रकान्यांच्या वहीवर ते तपासून बघा. ‘गॉर्जिअस’मध्ये सॉक्रेटिसशी वाद घालणाऱ्यांपैकी पोलस बसतो त्यात, कॅलिक्लीझ बसत नाही. लेखाचं सुधारलेलं रूप १९९४ च्या ‘सॉक्रेटिक स्टडीज’मध्ये आहे, वाचायचं तर तेच.

१९९१ चं सॉक्रेटिसवरचं पुस्तक शेवटी ठेवा. ऐंशी ओलांडल्यावर प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक. १९५० च्या दशकात याच विषयावर लिहून काढलेलं हस्तलिखित त्यांनी टाकून दिलं होतं. पुस्तकातलं दुसरं प्रकरण आधी वाचा: प्लेटोच्या संवादांत दोन वेगळे सॉक्रेटिस आहेत, आधीचा नीतीपुरता बोलणारा आणि नंतरचा सत्त्वांचा सिद्धांत मांडणारा, हे दहा मुद्द्यांनी मांडलं आहे. मांडणी झकास, पण तिचा सगळा डोलारा संवादांच्या कालक्रमावर उभा आहे आणि तो क्रम आज बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्हं घालत वाचा.

एवढं सगळं झेपणार नसेल आणि एखादाच रविवार हाताशी असेल, तर १९७३ च्या ‘प्लेटॉनिक स्टडीज’मधला प्रेमावरचा लेख निवडा. प्लेटोच्या प्रेमात माणसाचे गुण येतात, गुणदोषांसकट अख्खा माणूस येत नाही, असा त्यातला आक्षेप. माझ्या मते त्यांचं सर्वात चांगलं लेखन हेच. त्याआधी प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादातली २१० ते २१२ ही पानं मात्र वाचून घ्या.