हाफिजची एक गझल, एक आठवडा

फारसी सूफी काव्यात आधार शोधणारे बरेच जण थेट रूमीची मसनवी उघडतात. सहा दफ्तरं म्हणजे खंड, पंचवीस हजारांच्या आसपास बैत म्हणजे दोन ओळींची कडवी, गोष्टीत गोष्ट. उमेद तिथेच संपते. सुरुवात शिराझच्या हाफिजच्या एकाच गझलेने करा: 'यूसुफ़े गुमगश्ता बाज़ आयद ब कनआँ, ग़म मख़ुर'. हरवलेला युसुफ कनानला परत येईल, दुःख करू नकोस. शेर जेमतेम दहा.

पहिले दोन दिवस अर्थाच्या मागे लागू नका. 'गंजूर' या संकेतस्थळावर मूळ पाठ आणि वाचन दोन्ही मिळतं; ऐकत मोठ्याने म्हणा. वृत्त आपल्या ओळखीचं आहे: गालगागा गालगागा गालगागा गालगा ('गा' गुरू, 'ल' लघु), म्हणजे देवप्रिया. 'गुमगश्ता'तला 'ता' लघु ठेवा आणि 'बाज़ आयद' जोडून 'बाज़ायद' म्हणा, नाहीतर ओळ तिथेच अडखळते.

मग रोज दोन शेर. मराठीत रुळलेल्या शब्दांसाठी माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश पुरतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तो १९२५ साली छापला. शेराचा अर्थ वहीत साध्या गद्यात लिहा.

पहिल्या शेरावर जास्त वेळ द्या. कुराणातल्या मूळ कथेत युसुफ कनानला, म्हणजे आपल्या घरी, परतत नाही. त्याचा सदरा येतो, रडून दृष्टी गेलेल्या बापाला, याकूबला, दिसू लागतं, आणि शेवटी बापच मिसरला (इजिप्तला) जातो. म्हणून गेलेलं जसंच्या तसं परत मिळेल या आशेने वाचलं तर पदरी निराशाच येते. आपल्याकडे 'सदरा' कोणत्या रूपाने आलाय, हे वहीत लिहा. सुचलं नाही तर जागा कोरी सोडा.

आठव्या शेरात मुक्काम धोक्याचा, ठिकाण फार लांब, पण न संपणारा रस्ता नाही, असं म्हटलंय. आधी अडचण कबूल, मग धीर. तुम्हीही त्याच क्रमाने लिहा: थकलेला हप्ता, आईचं आजारपण, जे असेल ते नावानिशी. नुसतं 'ग़म मख़ुर' उचललं तर ते भिंतीवरच्या सुविचारासारखं होतं आणि दोन दिवसांत विरतं.

रूमीच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांचा दफ्तर आणि बैतक्रमांक किंवा गझलेची पहिली ओळ सापडत नसेल, तर त्यांवर भिस्त ठेवू नका.

आठवडा झाला की मसनवीचे पहिले अठरा बैत घ्या. चाल तीच, फक्त एक गालगागा कमी.