ओरिएंटियरिंगचा नकाशा काढताय? या चुका टाळा

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा बघत, ठरलेली ठिकाणं (कंट्रोल) धावत गाठण्याची शर्यत. तिचा नकाशा टेबलावर बसून वाचायचा नसतो. धावणारा अंगठ्याने आपली जागा धरतो, क्षणभर खाली बघतो आणि पुन्हा समोर. त्या क्षणात जेवढं दिसलं तेवढाच त्याचा नकाशा. तरीही नवीन मंडळी ओपनओरिएंटियरिंग मॅपर किंवा ओकॅडसारखं नकाशा काढायचं सॉफ्टवेअर उघडून झूम वाढवत नेतात आणि एकेक कुंडी, एकेक पायरी काढत बसतात. स्प्रिंटच्या, म्हणजे वस्तीतल्या छोट्या वेगवान शर्यतीच्या, १:४००० नकाशावर १ मिमी म्हणजे जमिनीवरचे ४ मीटर. हा हिशेब डोक्यात पक्का होईपर्यंत माउसला हात लावू नये.

बोळ बुजवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गिरगावातल्यासारखी एखादी वाडी घ्या. दोन चाळींमधला बोळ सव्वा मीटरचा. मापाने काढला तर कागदावर जेमतेम ०.३ मिमी उरतो. स्प्रिंट नकाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे, म्हणजे आयएसस्प्रॉमप्रमाणे, दोन इमारतींमधली मोकळी जागा किमान ०.४ मिमी दिसली पाहिजे.

अशाच एका वाडीत सरावाची शर्यत होती. नकाशा उपग्रहचित्रावरून अगदी मापात गिरवलेला. छापताना दोन्ही इमारतींच्या काळ्या कडांची शाई जराशी पसरली आणि बोळ नाहीसा झाला. तिसऱ्या कंट्रोलवरून चौथ्याकडे जायची सरळ वाट नेमकी तीच. वाडी माहीत असलेले तिथून गेले, बाकीचे नकाशावर विश्वास ठेवून मुख्य रस्त्याने वळसा घालून आले. शेवटी तेवढ्या टप्प्याची वेळ सगळ्यांच्या निकालातून वगळावी लागली. मोजमापात एकही चूक नव्हती, पण नकाशा वाचता येत नव्हता.

यावर उपाय म्हणजे इमारतीची कड आत सरकवणे. घराच्या आत कोणी धावणार नसतं, त्यामुळे तिथले अर्धा-पाऊण मीटर गेले तरी कोणाचं नुकसान नाही. आधी बोळ ०.४ मिमीचा करा, मग शेजारचे कोपरे रेषेत आहेत का ते बघा. बोळ पुढे बंदच होत असेल किंवा मोऱ्या-पाइपांनी भरलेला असेल, तर तो सरळ बंद दाखवा. अर्धवट उघडा दिसणारा बोळ सर्वांत वाईट.

याचीच उलटी चूक फोर्टमध्ये दिसते. दादाभाई नौरोजी मार्गावर इमारतींच्या तळमजल्याला कमानींचे व्हरांडे आहेत, रोज माणसं त्यांतून चालतात. इमारतीची बाहेरची कड धरून सगळं गडद करडं रंगवलं की हा रस्ता नकाशावरून पुसला जातो. वर छप्पर आणि खाली वाट असेल तिथे फिकट करडा रंग द्यायचा. हे उपग्रहचित्रात कधीच दिसत नाही, पायी जाऊनच बघावं लागतं. घरबसल्या नकाशा पूर्ण करू पाहणाऱ्यांनी स्प्रिंटच्या वाटेला जाऊ नये.

झाडं दिसली की हिरवं करणं

जंगल म्हणजे हिरवं, हे शाळेच्या भूगोलातून डोक्यात बसलेलं असतं. ओरिएंटियरिंगमध्ये मोकळेपणी धावता येणारं जंगल पांढरं असतं. हिरवा रंग झाडं मोजत नाही, वेग मोजतो. जंगलाच्या नकाशांच्या नियमावलीत, आयसॉममध्ये, नेहमीच्या वेगाच्या ६० ते ८० टक्के वेग मिळाला तर फिकट हिरवा, २० ते ६० टक्क्यांना मधला आणि २० टक्क्यांखाली गडद. झुडपं गुडघाभर आहेत पण लांबवरचं दिसतंय, अशा ठिकाणी हिरव्या उभ्या रेघा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासारख्या जंगलात इथेच घोळ होतो. मे महिन्यात मोकळी दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये रानाने गच्च भरते. त्यामुळे शर्यत ज्या महिन्यात, त्याच मोसमात पाहणी करा आणि तारीख नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. वेग अंदाजाने ठरवू नका. पायवाटेवर १०० मीटर धावून वेळ घ्या, मग तेवढंच अंतर झाडीतून. २५ सेकंदांचे ५० झाले तर वेग निम्मा, म्हणजे मधला हिरवा. दोन मिनिटांत ठरतं, तरी लोक टाळतात आणि मग तीन हिरव्या छटांची गोधडी शिवतात.

भिंत आणि गेट

ओलांडायला मनाई असलेली भिंत ०.४ मिमी जाड काळी. ती बारीक काढली की धावणारा उडी मारून जातो आणि बाद होतो, चूक मात्र नकाशा काढणाऱ्याची. सोसायटीच्या मागचं छोटं दार शर्यतीच्या वेळी उघडं असेल का, हे वॉचमनला नाही, सेक्रेटरीला विचारा. खात्री नसेल तर रेघ अखंड ठेवा.

दगडांची गर्दी

जंगलाच्या १:१५,००० नकाशावर दगडाचा काळा ठिपका ०.४ मिमी, म्हणजे जमिनीवर ६ मीटर जागा खातो. पाच मीटरांवरचे दोन दगड दोन ठिपक्यांनी दाखवता येतच नाहीत. मोठा ठेवा, धाकटा सोडा, किंवा दोन्हींसाठी दगडसमूहाचा त्रिकोण वापरा. चिन्ह लहान करून दोन्ही बसवणं ही पळवाट आहे. चिन्हाचा आकार ठरलेला असतो, त्याला हात लावायचा नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात:

खड्ड्याचं ‘व्ही’ चिन्ह उताराप्रमाणे फिरवू नका, ते उत्तरेकडेच उघडं राहतं. कड्याच्या चिन्हाचे दात मात्र नेहमी उताराकडे.

दोन तपकिरी किंवा दोन काळ्या बारीक रेघांत किमान ०.१५ मिमी अंतर, निळ्यांत ०.२५ मिमी. याहून जवळ आल्या तर एक रेघ काढून टाका.

१:१५,००० चा नकाशा १:१०,००० ला छापताना चिन्हंही दीडपट झाली पाहिजेत.

कंट्रोलचं जांभळं वर्तुळ बोळावर किंवा भिंतीच्या फटीवर येत असेल तर तेवढ्यापुरतं तोडा.

छपाई

झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ चालू असतं. नकाशा ९७ टक्क्यांवर छापला गेला की १:४००० चा साधारण १:४१२४ होतो आणि मोठ्या कष्टाने राखलेला ०.४ मिमीचा बोळ आणखी बारीक होतो. कागदाच्या कडेला १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि पहिली प्रत हातात आली की दुकानातच पट्टीने मोजा. प्रिंट लेझरचीच घ्या, इंकजेटची शाई पावसात आणि घामात उतरते. मग ती प्रत हातात धरून भरभर चालत वाचा. जिथे थांबून डोळ्यांजवळ न्यावी लागली, तिथे पेनाने गोल करा आणि घरी येऊन त्या गोलातलं निम्मं काढून टाका.